म्हैस, भुंगा आणि तवा

गेल्या महिन्यात नावड्याचा दिनेश आमच्या कोपरखैरण्याच्या घरी आला, तेव्हा त्याच्या एका हातात लेकीच्या लग्नाची पत्रिका होती आणि दुसऱ्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पेटी. पत्रिका त्यानं अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातात दिली (त्यांना गिऱ्हाईकं मास्तर म्हणतात) आणि पेटी माझ्या.

"स्टुडिओ बंद केला गो," तो म्हणाला. "आता सगला मोबाईलवरच होतं. बाकीचा सामान भंगारान दिला, पन ही नाय देववली. मास्तरांनी नीट केलेली हाय, मास्तरांकडंच राहू दे."

चहा पिऊन तो गेल्यावर मी वर्तमानपत्र सोडलं. आत स्वस्तातला प्रीअँप होता, दोन माइक लावता येतील असा, आणि त्याच पेटीत इक्वलायझरची पाच-पाच बटणं. माइकमधून येणारा आवाज फार अशक्त असतो. त्याला आधी खाऊपिऊ घालून अंगात ताकद आणावी लागते, ते काम प्रीअँपचं. मग त्यातला जाडेपणा, बारीकपणा हवा तसा कमी-जास्त करायचा, ते इक्वलायझरचं. महागड्या पेट्या हे काम गुपचूप करतात. स्वस्तातल्या पेट्या आवाजाबरोबर विजेच्या तारांमधला, पंख्यातला, ट्यूबलाइटमधला सगळा कचराही पोसतात. या पेटीवर सोनेरी अक्षरांत ‘स्टुडिओ प्रोफेशनल’ असं लिहिलेलं होतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

मी मागच्या जाळीला नाक लावलं. सोल्डरच्या राळेचा वास अजून होता. थोडा स्पिरिटचा, थोडा धुळीचा. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, ती काय अत्तराची पेटी आहे का?" पण माझ्यासाठी होतीच.

मी शाळेत होते तेव्हा आमचं घर बैठं होतं, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली अण्णांचं टेबल. सनमायका सोल्डरच्या थेंबांनी जागोजागी भाजलेला. अण्णा मूळचे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. तिथं पत्रा ठोकायच्या मोठ्या प्रेस होत्या. संध्याकाळी ते घरी आले की आधी हातपाय धुवायचे, मग देवापुढे उभे राहायचे आणि मग टेबलावरचा दिवा लावायचे. त्या भागातल्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे शुक्रवारी सकाळपासूनच राळेचा धूर. वारा वाशीकडून असला की त्या धुरात मार्केटमधल्या कांद्याचा वास मिसळायचा, आणि मे महिन्यात पिकल्या आंब्याचा. मला अजून आंबा कापताना सोल्डरिंगची आठवण येते, हे मी कुणाला सांगत नाही.

गिऱ्हाईकं सगळी आवाजाची. बेंजो पार्ट्या, भजनी मंडळं, ऑर्केस्ट्रावाले, आणि घराच्या एका खोलीत स्टुडिओ काढून हळदीच्या गाण्यांच्या सीडी करणारे गावागावातले तरुण. सगळ्यांची तक्रार एकच. "मास्तर, गानं चालू नसलं तरी हा गुणगुणतो." अण्णा पेटी हातात घेऊन आधी तिला हलवून बघायचे, मग वास घ्यायचे, आणि मग म्हणायचे, "ठेवून जावा. बघू कोन राहतंय आत."

कोण राहतंय हे शोधायची आमच्या घरची एक रीत होती. पेटीला काहीही जोडायचं नाही. माइक नाही, गाणं नाही. सगळी बटणं शेवटापर्यंत फिरवायची, हेडफोन कानाला लावायचा आणि जे उरतं ते ऐकायचं. म्हणजे खरं तर काहीच नाही ते ऐकायचं. आणि जे ऐकू येईल त्याला आमची आमची नावं होती. ती मी सातवीत असताना ठेवली आणि अण्णांनी ती जशीच्या तशी स्वीकारली. संथ, जाड हंबरल्यासारखी घरघर म्हणजे म्हैस. तिच्याहून वरच्या पट्टीत घुमणारा तो भुंगा. बटण फिरवताना तडतड होते त्या लाह्या. आणि अगदी बारीक, एकसारखं सूऽऽ, तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर येतं तसं, तो तवा.

"काय ऐकू येतंय?" अण्णा विचारायचे.

"म्हैस आहे. लांब आहे पण आहे."

"आन् तवा?"

"तवा नाही."

मग ते म्हैस हाकलायच्या मागे लागायचे. अर्थच्या तारा पेटीत पाच ठिकाणी जोडलेल्या असायच्या. त्या सगळ्या सोडवून ते एकाच स्क्रूला आणायचे. "सगळ्यांनी एकाच दारानं भायेर पडायचं," असं ते तारांना दटावायचे. माइकच्या वायरवरची जाळी ते एकाच टोकाला जोडायचे, दुसरं टोक मोकळं. भुंग्यासाठी पॉवर सप्लायमधला फुगलेला कपॅसिटर बदलायचे. लाह्या तर पावसाळ्यात सगळ्यांच्याच पेट्यांत फुटायच्या, दमटपणानं. त्यांना स्पिरिटनं पुसलं की काम भागायचं. आणि ट्रान्सफॉर्मर आवाजाच्या तारांना खेटून बसवलेला दिसला की अण्णा कपाळाला हात लावायचे. ते म्हणायचे, ट्रान्सफॉर्मर म्हणजे घरातली भांडखोर जाऊ. तिला वेगळं बिऱ्हाड करून द्यावं, दोन्हीकडं शांतता होते. मग ते त्याला पेटीतून काढून वेगळ्या लोखंडी डब्यात बसवायचे आणि मधे दोन हात वायर सोडायचे. एकदा मी हौसेनं आईचा स्टीलचा पोह्यांचा डबा आणून दिला. अण्णांनी खिशातलं लोहचुंबक त्याला लावलं, ते घसरून खाली पडलं. "ज्याला चुंबक चिकटत न्हाई, तो ट्रान्सफॉर्मरला काय आवरणार?" म्हणाले. डबा परत पोह्यांना मिळाला. आई चार दिवस मला लोहचुंबक म्हणत होती.

आता खरी गोष्ट सांगते. तवा अण्णांना ऐकूच यायचा नाही.

प्रेसच्या धाडधाडीत त्यांची अठरा-वीस वर्षं गेली होती. कारखाना कानात घालायला बोळे द्यायचा, ते अण्णांच्या शर्टाच्या खिशात राहायचे, कारण मशीनचा बिघाड ते कानानंच ओळखायचे. कान बंद करून कसं ओळखणार? म्हैस, भुंगा त्यांना नीट कळायचा. पण वरचे बारीक आवाज एकेक करून निघून गेले होते. डास, हातातल्या घड्याळाचा गजर, आईच्या बांगड्या. एकदा त्यांनी ‘स्वच्छ’ म्हणून दिलेली पेटी गिऱ्हाईक परत घेऊन आलं. ते गेल्यावर अण्णांनी हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला. मी म्हणाले, "सूऽऽ येतंय की केवढं!"  मग रुमाल काढून त्यांनी हेडफोनच्या दोन्ही गाद्या पुसल्या आणि मला म्हणाले, "हितनं पुढं हा तुझा."

ज्या माणसाला आवाज दुरुस्त करायला द्यायचा त्यालाच बारीक आवाज येत नाही, हे कळलं असतं तर गिऱ्हाईक उभं राहिलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून आमची खूण ठरली. गिऱ्हाइकासमोर मी टेबलाच्या कडेला वही उघडून अभ्यास करत बसायची, कानाला हेडफोन. लोकांना वाटायचं, पोरगी गाणी ऐकत अभ्यास करतेय. तवा असेल तर माझी वही उघडी राहायची. नसेल तर मी वही मिटायची. वही मिटली की अण्णा म्हणायचे, "घ्या, स्वच्छ."

किती वह्या मी अशा मिटल्या असतील! दिवाळीनंतर लग्नसराई सुरू व्हायची आणि टेबलाखाली पेट्यांची रांग लागायची. गोठिवलीचे, घणसोलीचे, नावड्याचे लोक यायचे. कुणी येताना सुकट आणायचं, कुणी शेतावरचे वाल. शेतं तेव्हा संपत आली होती, पण वालाच्या शेंगा अजून यायच्या. आई त्यांना चहा द्यायची आणि ते अण्णांना त्यांच्या घरच्या लग्नांचं आमंत्रण द्यायचे. आम्ही साताऱ्याहून आलेली माणसं, या गावांत आमचं कुणी नव्हतं. जे झालं ते या गुणगुणणाऱ्या पेट्यांमुळे झालं. हेडफोन घालून शांत बसायचं आणि आतल्या आत एकेक जनावर शोधायचं, या खेळासारखं दुसरं सुख मला अजून सापडलेलं नाही. आज मी आवाजाच्याच कामावर पोट भरते, चांगल्या स्टुडिओत बसते. तिथं म्हैस नाही की भुंगा नाही. पण समोरचे लोक ‘नॉइज’ म्हणाले की मनातल्या मनात मी विचारते, कुठला?

दिनेशची पेटी आली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. भाताचं जुनं गोदाम साफ करून त्यानं नुकताच स्टुडिओ काढला होता. पेटी सेकंडहँड घेतलेली, आत म्हैस, भुंगा, सगळा गोठा. पण यावेळी तो नेहमीसारखा हसत आला नव्हता.

"मास्तर, शुक्रवारपर्यंत पायजे. माजी आत्या हाय ना, गोमाबाय, धवळारीन, तिचा आवाज घेयाचा हाय."

धवळारीण म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नविधीची जुनी गाणी, गाऊन लग्न लावणारी बाई. सगळ्या देवांना, पितरांना, गावाच्या सीमेला नावानं हाका मारून ती लग्नाला बोलावते. हे काही कुठं लिहिलेलं नसतं, तिच्या गळ्यात असतं. आणि गोमाबायच्या गळ्यातच गाठ निघाली होती. सोमवारी ऑपरेशन होतं. जीव वाचेल, पण आवाजाचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तिच्यानंतर गाणारी कुणी तयार झालेली नव्हती.

"तिचा एकदम हलू आवाज पन येयाला पायजे," दिनेश म्हणाला. "काय काय धवले ती तोंडातल्या तोंडात म्हनते."

अण्णांनी त्या पेटीवर तीन संध्याकाळी घालवल्या. ट्रान्सफॉर्मरला वेगळं बिऱ्हाड झालं, तारा एका दारानं बाहेर पडल्या. बुधवारी संध्याकाळी दिनेश न्यायला आला तेव्हा मी वही उघडून बसले होते. पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. वाशीला आमच्या एकांकिकेची तालीम होती. मला पहिल्यांदाच बोलायचं काम मिळालं होतं, चारच वाक्यं, पण मिळालं होतं. साडेसहाची वेळ आणि सव्वासहा होऊन गेलेले. अण्णा पाठ करून बटणं फिरवत होते. हेडफोन माझ्या गळ्यात होता. तो कानावर चढवायला एक क्षण लागला असता आणि ऐकायला पाच मिनिटं. मी वही मिटली.

"घ्या, स्वच्छ," अण्णा म्हणाले.

तालमीत माझी चारही वाक्यं चुकली.

शुक्रवारी अण्णा म्हणाले, "चल, नावड्याला जाऊन येऊ. धवले ऐकू." मला वाटलं होतं की पेटी चांगलीच झाली असेल. अण्णांचे हात ते, चूक कशी राहील? बसमध्ये मी स्वतःला हे बरेचदा सांगितलं. चोराच्या मनात चांदणं.

दिनेशच्या स्टुडिओत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते आणि त्यांच्यावर जुन्या गोधड्या टांगल्या होत्या. भाताच्या तुसाचा वास अजून गेला नव्हता. गोमाबाय खाली सतरंजीवर बसली होती, हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, गळ्याला मफलर. घरातल्या चार-पाच बायका तिच्या भोवती.  अण्णांनी आधी अर्थिंग बघितलं. बाहेर मोरीशेजारी अर्थची तार पुरलेला खड्डा होता, तो कोरडा ठणठणीत पडला होता. "मीठ हाय का घरात?" त्यांनी विचारलं. बायका हसल्या. मिठागरावर जन्म गेलेल्या घरात मीठ आहे का, असं विचारत होते. एकीनं पाटीभर जाडं मीठ आणलं, दुसरीनं दोन हंडे पाणी, आणि मीठ ओतलेला खड्डा पाणी पीत राहिला. ओल्या मातीत अर्थ नीट धरतो; दहा मिनिटांत उरलीसुरली म्हैसही गेली.

मग दिनेशनं हेडफोन अण्णांच्या हातात दिला. "मास्तर, तुमीच बगा एकदा. मना काय तेवढा समजत नाय."

अण्णांनी तो कानाला लावला. डोळे मिटून ऐकलं. माझी वही त्यांनी बुधवारी मिटलेली बघितली होती, त्यांना विचारायचं काही कारणच नव्हतं. "स्वच्छ हाय," ते म्हणाले आणि हेडफोन माझ्याकडे दिला. कौतुकानं दिला. गोमाबायनं माइकसमोर एका ओवीच्या दोन ओळी हळूच म्हणून बघितल्या.

आणि मला तवा ऐकू आला. तिचा आवाज जितका खाली जात होता तितका तो वर येत होता. शेवटचे शब्द तर त्यात बुडूनच गेले.

 बोलले तर सगळ्यांना कळणार की मास्तरांना ऐकूच आलं नाही. आताच सगळ्यांसमोर ते ‘स्वच्छ’ म्हणाले होते. नाही बोलले तर त्या बाईचा आवाज तव्याखाली जाणार, आणि सोमवारनंतर पुन्हा घ्यायला तो असेलच असं नाही. मी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसले. 

गोमाबायच बोलली. "थांब रं दिनेश. या पोरीचा तोंड बग. काय तरी झायलाय."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मला ती नजर पाठ आहे. तिच्यात राग नव्हता, घाई होती. ते उठले, आणि त्या सगळ्या बायकांसमोर, दिनेशसमोर, दारात उभ्या असलेल्या बेंजो पार्टीच्या दोघांसमोर म्हणाले, "मला बारीक आवाज ऐकू येत न्हाई. प्रेसवर गेलं कान. आजवर तुमच्या समद्या पेट्या हिनं ऐकल्यात. माझं कान म्हंजे ही." मग माझ्याकडे वळून, घरच्याच आवाजात, "सांग की गं. काय ऐकू येतंय?"

"तवा," मी म्हणाले. "खूप."

दारातले दोघं एकमेकांकडे बघून हसले. अण्णांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. स्क्रू ड्रायव्हर मागितला, पेटी उघडली. इक्वलायझरचं बारीक आवाजाचं बटण त्यांनी खाली केलं. "कमी झाला?" झाला. "म्हंजे तवा त्याच्या आधी बसलाय." त्यांनी पहिल्या टप्प्यातला आयसी बदलला, पिशवीत दोन नवे होते. तवा तसाच. मग काडीला कापूस गुंडाळून तो स्पिरिटमध्ये बुडवला आणि एकेका रेझिस्टरला लावत गेले; गार लागला की खराब रेझिस्टरचा आवाज बदलतो. "आता? आता?" मी डोळे मिटून मान हलवत होते.  बायकांनी बांगड्या सुद्धा धरून ठेवल्या होत्या. एका तपकिरी रेझिस्टरला कापूस लागला आणि आवाज क्षणभर दबून परत आला.

"हाच!" मी ओरडले.

अण्णांनी तो उपटला, त्याच्या शेजारचे दोनही, आणि निळ्या अंगाचे नवे बसवले. राळेचा धूर गोधड्यांवरून वर गेला. मी हेडफोन लावला. सगळी बटणं शेवटापर्यंत. मी ऐकलं, आणि पुन्हा ऐकलं, आणि त्यांनी विचारलं नाही तरी तिसऱ्यांदा ऐकलं. काहीच नव्हतं. लांब कुठंतरी गोमाबायचा श्वास होता.

"नाही," मी म्हणाले. "कुणीच नाही."

पण गोमाबाय गाईना. तिचं म्हणणं, नवरीशिवाय धवला गायचा नाही, मशिनीसाठी तर नाहीच. दिनेश डोक्याला हात लावून बसला. मग तिनंच मला बोलावलं. "ये गो पोरी. तुजं कान हायेत ना, मंग तूच बस." मला पाटावर बसवलं, गालाला, हाताला हळद लावली. हेडफोन तसाच डोक्यावर. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि अण्णा मान खाली घालून पेटीच्या डब्याचे स्क्रू उगाच घट्ट करत होते. मग गोमाबाय गायली. दीड तास गायली, मधे तीनदा पाणी प्यायली. देवांना, पाण्याला, डोंगराला, गेलेल्या माणसांना तिनं माझ्या लग्नाला बोलावलं. तोंडातल्या तोंडात म्हणायचे शब्दही माझ्या कानात स्पष्ट पडत होते, तिचे ओठ सुटताना होणारा आवाज सुद्धा. पुढं माझं लग्न वाशीच्या एका हॉलमध्ये झालं, छानच झालं. पण मला त्यातलं आठवतं ते थोडंच.

सोमवारी ऑपरेशन झालं. गोमाबाय वाचली. आवाज गेला.

अण्णांची काही गिऱ्हाईकं तुटली. बेंजोवाले परत आले नाहीत. एक-दोघं रस्त्यात भेटले की मुद्दाम मोठ्यानं बोलायचे, हात हलवून. अण्णा त्यांना तितक्याच मोठ्यानं उत्तर द्यायचे. बाकीचे येत राहिले आणि दारातूनच विचारायचे, "पोरगी हाय का घरात?" अण्णांच्या तोंडून मला त्या दिवसाबद्दल एक अक्षरही ऐकावं लागलं नाही. आणि मीही बोलले नाही. त्यांना वाटत असेल की बुधवारी मी ऐकलं, पण माझ्याकडून चुकलं. कान आहेत, चुकतात. खरं काय ते सांगायचं म्हणून मी कितीदा त्या टेबलापाशी गेले आणि लोहचुंबकाशी खेळून परत आले.

परवा दिनेशच्या लेकीची हळद झाली. आम्ही गेलो. अण्णा आता पंचाहत्तरीचे आहेत, कानात मशीन घालतात आणि गर्दीत काढून खिशात ठेवतात. मांडवात डीजेचे उंच खोके रचून ठेवले होते, पण आधी गोमाबाय. नावड्यात आता तो नियमच झालाय. दिनेशनं बटण दाबलं आणि तिचा तो आवाज मांडवभर झाला. खाली गोमाबाय स्वतः बसली होती, सुकून मूठभर झालेली. तिचे हात नवरीला हळद लावत होते, तांदूळ टाकत होते, आणि ओठ आवाजाबरोबर हलत होते. तोंडातल्या तोंडात म्हणायची जागा आली तेव्हा मांडवातल्या म्हाताऱ्या बायका पुढं झुकल्या. एकही शब्द बुडला नाही.  त्या बाईचे, त्या मिठाच्या पाटीचे, माझ्या वडिलांचे उपकार मी कुठं ठेवू, असं झालं.

धवला संपता संपता गोमाबायनं मला खुणेनं जवळ बोलावलं. तिच्या गळ्यातून आता फक्त वारा येतो. अण्णांना तर तो ऐकू यायचाच नाही. ते तिच्यासमोर खुर्चीवर हात जोडून बसले होते, आणि मी मधे.

"तुज्या बापाला सांग," ती माझ्या कानाशी म्हणाली. "माजा आवाज तुज्या लेकीच्या कानानं राखला म्हनावं. त्या दिशी ती खरं बोलली, म्हनून."

मी अण्णांच्या कानाशी वाकले. हे मला सांगताच येईना. मी दुसरंच सांगितलं, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून सांगितलं. "अण्णा, त्या बुधवारी मी ऐकलंच नव्हतं. हेडफोन गळ्यात होता. तालमीला जायचं म्हणून वही मिटली. चारचौघांत तुम्हाला कान गेल्याचं सांगावं लागलं, ते माझ्यामुळं!"

नेमका तेव्हाच धवला संपला होता. सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. दिनेशच्या हातातला अक्षतांचा तांब्या तसाच राहिला.

अण्णांनी मला जवळ ओढलं. गर्दीत माझं सगळं वाक्य त्यांना कळलं की अर्धंच, मला अजून माहीत नाही.

"मग काय झालं?" ते म्हणाले. "दुसऱ्यांदा ऐकलंस की."